आधी पाणी, मग मासा: न्यू जर्सीतल्या ट्राउट क्लबात वर्षभर काय करायचं

एडिसन, पिस्कॅटवे, न्यू ब्रन्सविक या भागात राहणाऱ्या मराठी माणसाला रॅरिटन नदी रोज पुलावरून दिसते. रुंद, संथ, गढूळ. याच नदीच्या दक्षिण शाखेच्या काठाने वर जात राहिलात, तर तासाभरात हाय ब्रिज आणि कॅलिफॉन या गावांच्या मधल्या केन लॉकवुड घळीत पोहोचाल. तिथे नदी मोठमोठ्या धोंड्यांवरून फेसाळत येते, दोन्ही बाजूंना झाडी, जुलैतही पाण्यात हात घातला की गारवा जाणवतो. त्या पाण्यात ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे. तो तिथे टिकून आहे यामागे नदीकाठच्या संस्थांनी आणि क्लबांनी वर्षानुवर्षं केलेलं काम आहे. त्या कामात शिरायचं कसं, कोणत्या महिन्यात काय करायचं, हे सगळं इथे क्रमाने लिहितो.

सुरुवातीलाच एक सांगतो. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-धागे बांधून किड्यासारखा सजवलेला गळ (फ्लाय) टाकून मासेमारी, शिकायचं म्हणून बरेच जण आधी दुकानात जातात, काठी आणि रबरी विजारी घेतात आणि दोन रविवारांत कंटाळतात. मी उलट्या वाटेने जायला सांगेन. आधी क्लबच्या कामाच्या दिवशी जा, हातात फावडं घ्या, ओढ्यातले दगड उलटून बघा. कुठे झरा मिळतो, कुठे सावली आहे, कोणता किडा कधी बाहेर येतो, हे ज्याला कळलं त्याला मासा आपोआप सापडतो.

क्लब म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत या कामातली सर्वांत मोठी संस्था म्हणजे ट्राउट अनलिमिटेड. १९५९ साली मिशिगन राज्यातल्या ग्रेलिंगजवळ, ओ-सेबल नदीच्या काठच्या एका घरी काही गरी टाकणारे जमले आणि तिथे ही संस्था सुरू झाली. सरकारी हॅचरीतले (मत्स्यबीज केंद्रातले) मासे नदीत ओतत राहण्यापेक्षा नदीच सुधारा, मासे तिथे स्वतः वाढतील, असा त्यांचा आग्रह होता. आज देशभर तिच्या सुमारे चारशे स्थानिक शाखा आहेत. न्यू जर्सीतही अनेक आहेत. संस्थेच्या संकेतस्थळावर तुमचा पिन कोड टाकला की जवळची शाखा कळते.

शाखेची बैठक बहुधा महिन्यातून एकदा, संध्याकाळी, ग्रंथालयात नाहीतर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये असते. पाहुण्यांना सहसा मज्जाव नसतो, सभासद व्हायची घाई नको. पहिल्या बैठकीत दोन गोष्टी विचारा: पुढचा कामाचा दिवस कधी आहे, आणि नवख्यांना कास्टिंग, म्हणजे काठीने दोरी फेकणं, कोण शिकवतं. एवढं विचारलंत की कोणीतरी वही काढून तुमचा फोन नंबर लिहून घेईल. अशा क्लबांत निवृत्त लोक पुष्कळ, कामाला हात कमी. तरुण जोडपं मुलांना घेऊन आलं तर मनापासून स्वागत होतं.

आपल्याकडचे अनेक जण विचारतात, आम्ही शाकाहारी, आमचं तिथे काय काम? क्लबातले बहुतेक सभासद मासा पकडून लगेच सोडतात. तरीही गळ टोचतोच, मासा दमतो, आणि हे ज्याला पटत नाही त्याने गरी हातात घेऊ नये. झाडं लावायला, पाणी तपासायला, शाळेतल्या टाकीची देखभाल करायला गरी लागत नाही.

मासा ओळखा

न्यू जर्सीच्या ओढ्यांत तीन जातींचे ट्राउट भेटतात. ब्रुक ट्राउट हा इथला मूळ रहिवासी, १९९२ पासून राज्याचा अधिकृत मासा. पाठीवर फिकट नागमोडी रेघा, अंगावर निळ्या कडेचे लाल ठिपके, खालच्या परांची कड पांढरीशुभ्र. ही पांढरी कड पाण्यातही उठून दिसते, तीच खूण लक्षात ठेवा. ब्राउन ट्राउट १८८०च्या दशकात जर्मनीहून अंड्यांच्या रूपात अमेरिकेत आला. रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा. वॉरन काउंटीतल्या पेक्वेस्ट हॅचरीतून दर वर्षी सुमारे सहा लाख ट्राउट सोडले जातात. २०१३च्या अखेरीस तिथे माशांमध्ये फ्युरन्क्युलोसिस या रोगाची साथ आली. त्यानंतर तिथे मुख्यतः रेनबो वाढवला जातो, कारण तो या रोगाला जास्त दाद देत नाही.

म्हणजे ओढ्यात छोटासा ब्रुक ट्राउट दिसला, तर तो बहुधा तिथेच जन्मलेला आहे. राज्याच्या उत्तर-पश्चिम भागात ब्रुक ट्राउटसाठी राखीव क्षेत्र आखलेलं आहे आणि तिथे तो पकडला तर ताबडतोब सोडावाच लागतो.

या माशाचं सगळं थंड पाण्यावर अवलंबून. दहा अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पंचवीस अंशांना जेमतेम ८. पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो, दोन्ही बाजूंनी कोंडी. पुढे जी जी कामं सांगणार आहे, त्यांतली बरीचशी पाणी गार ठेवण्यासाठी आहेत.

जानेवारी-फेब्रुवारी: फ्लाय बांधायची

क्लबचं वर्ष हिवाळ्यात टेबलाभोवती सुरू होतं. बाहेर बर्फ, आत दहा-बारा माणसं चिमट्यात गळ धरून पिसं गुंडाळत बसलेली. साहित्य क्लब देतो, अवजारंही बहुधा उसनी मिळतात. नवख्याने ‘वूली बगर’पासून सुरुवात करावी. ती पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी तयार केली. पाण्यात ती जळू, छोटा मासा, क्रेफिश असं काहीही वाटू शकते, त्यामुळे हात थोडा चुकला तरी मासा माफ करतो.

गळ आठ किंवा दहा नंबरचा, लांब दांड्याचा घ्या आणि वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या चिमट्यात, घट्ट बसवा. आधी पकडीने गळाचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी धार, दाबून सपाट करा. पुढे माशाच्या तोंडातून गळ सहज निघतो तो यामुळे. आता काळा धागा गळाच्या डोळ्याच्या (दोरी ओवायच्या भोकाच्या) मागून सुरू करून दांड्यावर जवळजवळ वेटोळी घालत वाकापर्यंत न्या. तिथे माराबूच्या मऊ पिसांचा झुपका शेपटीसारखा बांधा, लांबी दांड्याएवढी. कोरड्या हाताला ही पिसं उडतात, म्हणून बोटं ओली करून घ्यायची. त्याच जागी पातळ तांब्याची तार आणि शेनीलची जाडसर दोरी बांधून ठेवा. धागा पुढे डोळ्याजवळ आणा. शेनील गुंडाळत पुढे आणा, धाग्याने दोन-तीन वेढे देऊन पक्की करा, उरलेली कापा. आता कोंबड्याचं लांब पीस डोळ्याजवळ बांधा आणि थोडं थोडं अंतर सोडत मागे वाकापर्यंत गुंडाळत न्या. तिथे तारेने ते पकडायचं आणि तार उलट्या दिशेने वेटोळी घालत पुढे आणायची. पिसाची दांडी तारेखाली अडकते, दात लागले तरी सुटत नाही. डोळ्याजवळ गाठ मारा, थेंबभर लाख लावा. झालं.

इथे एका गोष्टीवर सगळ्यांचा हात अडखळतो: डोळ्याजवळ जागाच उरत नाही. शेनील संपवताना डोळ्याच्या मागे दोन मिलिमीटर दांडा मोकळा सोडा, म्हणजे शेवटची गाठ नीट बसते.

वूली बगर जमली की फेझंट टेल निम्फ आणि ॲडम्स शिका. ॲडम्स १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली. करड्या-तपकिरी रंगाची ही फ्लाय कोणत्याही एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, आणि म्हणूनच ती अनेक किड्यांच्या जागी चालते.

बर्फ असतानाच मिठाची तपासणी

हे काम बाहेरचं, पण पाच मिनिटांचं. रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळून ओढ्यात जातं आणि तिथून परत निघत नाही. आयझॅक वॉल्टन लीग ही जुनी संवर्धन संस्था क्लोराइड मोजायच्या पट्ट्या मोफत पाठवते. घराजवळच्या ओढ्याचं पाणी हिमवादळापूर्वी एकदा, रस्त्यावर मीठ पडल्यावर एकदा आणि नंतरच्या पहिल्या पावसानंतर एकदा तपासा. पट्टी पाण्यात उभी करायची, वरची रेघ रंग बदलेपर्यंत थांबायचं, आकडा तक्त्यावरून वाचायचा. गोड्या पाण्यातल्या जीवांना दीर्घकाळ सोसेल अशी अमेरिकी पर्यावरण संस्थेची मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. आकडा त्याच्यावर गेला तर फोटोसह नोंद करा आणि क्लबला कळवा.

आपल्या अंगणातही हात आखडता घ्या. वीस फुटांच्या ड्राइव्हवेला कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ पुरतं. पोतं ओतायची गरज नसते.

मार्च: काड्या खोवायच्या, कास्टिंग शिकायचं

झाडांना पालवी फुटायच्या आधी विलो आणि रेड-ओझियर डॉगवुडच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या कापतात आणि ओढ्याच्या ढासळत्या काठात ठोकतात. आपल्या नदीकाठचा वाळुंज हा या विलोचाच भाऊबंद. शेवग्याची फांदी जमिनीत रोवली की फुटते, तशीच ही फुटते. काडी दोन-तीन फुटांची, खालचं टोक तिरपं कापलेलं, वरचं सपाट. कोंबांची दिशा वर राहील याची खात्री करून घ्या, उलटी रोवली तर वाया गेली. तीन-चतुर्थांश लांबी जमिनीत, ओलीपर्यंत जायला हवी. माती कडक असेल तर आधी लोखंडी सळईने भोक पाडा, आणि ठोकताना रबरी हातोडा वापरा, नाहीतर वरचं टोक चिरतं.

याच सुमारास क्लबचे जाणकार एखाद्या शाळेच्या मैदानावर कास्टिंग शिकवतात. गळ लावू नका, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधा. काठी नऊ फुटी, ‘पाच वेट’ची (हा आकडा दोरीच्या वजनाच्या श्रेणीचा); शक्यतो क्लबची उसनी घ्या. अंगठा मुठीवर, काठीच्या वरच्या बाजूला. पुढे तीसएक फूट दोरी पसरून ठेवा. काठी सावकाश उचला, वेग वाढवत मागे न्या आणि घड्याळात एक वाजल्याच्या जागी खाडकन थांबवा. आता थांबा. दोरी मागे सरळ होईपर्यंत काही करायचं नाही. मान वळवून दोरीकडे बघितलंत तरी चालेल, लाजू नका. ती सरळ झाली की पुढे आणा आणि दहाच्या जागी थांबवा. मनगट वाकवायचं नाही. क्रिकेट खेळलेल्या आपल्या लोकांचा हात इथे जोर काढतो आणि दोरी गोळा होऊन डोक्यावर पडते. जोर कमी केला की दोरी जास्त लांब जाते, हे एकदा अनुभवलं की पुढचं सोपं.

केन लॉकवुड घळीत मागे झाडं असतात, तिथे हे चालत नाही. तिथे दोरी पाण्यावर लोळवून पुढे फेकायचा रोल कास्ट लागतो. तोही याच मैदानावर विचारून घ्या, मात्र त्याचा खरा सराव पाण्यावरच होतो.

परवाना

न्यू जर्सीत सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, सत्तरी गाठलेल्या राज्यातल्या रहिवाशांना माफ आहे. ट्राउटसाठी वेगळा ट्राउट स्टँप घ्यावा लागतो, तो विसरू नका. दोन्ही राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. ओढ्याच्या एका पट्ट्यात आमिष चालतं, दुसऱ्यात फक्त कृत्रिम फ्लाय, तिसऱ्यात मासा घरी न्यायला बंदी. त्यामुळे त्या वर्षीची नियमपुस्तिका डाउनलोड करून ठेवा आणि गाडी लावली की झाडावरचा फलक वाचा. वर्षातले दोन दिवस विनापरवाना मासेमारी खुली असते. भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत न्यायला ते दिवस बरे.

एप्रिल-मे: झाडं, कचरा आणि पहिला मासा

एप्रिलमध्ये रॅरिटन हेडवॉटर्स असोसिएशन ही पाणलोट संस्था नदीची मोठी साफसफाई करते, क्लबही त्यात उतरतात. टायर, प्लॅस्टिक, कधी अख्खी सायकल निघते. जाड हातमोजे घाला. लांब पँट मोज्यात खोचा, कारण गवतात टिक असतात आणि लाइम रोगाची भीती खरी आहे. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे, केसांत तपासा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ओळखायला क्लबातल्या कोणाकडून तरी आधीच शिकून घ्या.

खरं जिवाभावाचं काम मात्र झाडं लावण्याचं. काठावर सिकॅमोर, रेड मेपल, रिव्हर बर्च अशी इथलीच झाडं लावतात. खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद, पण खोल नको. खोड जिथून मुळात बदलतं ती जागा जमिनीच्या बरोबरीने राहिली पाहिजे. कुंडीत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. माती पायाने हलकी दाबा, भरपूर पाणी घाला. मग चार-पाच फुटी प्लॅस्टिकची नळी झाडाभोवती उभी करून ओकच्या खुंट्याला बांधा. नळी नसेल तर हरणं एका रात्रीत शेंडा खातात. नळीचं खालचं टोक मातीत थोडं दाबा, नाहीतर उंदीर आत शिरून साल कुरतडतात. वर जाळी लावा, नाहीतर पक्षी आत अडकून मरतात. ही जाळी रोप नळीबाहेर यायच्या आधी काढावी लागते. ते कोणी करायचं, हे लावणीच्या दिवशीच ठरवून नाव लिहून ठेवा. लावणीला गर्दी होते, दोन वर्षांनी नळ्या सरळ करायला चार जण येतात, आणि झाड जगतं ते त्या चौघांमुळे.

एप्रिलच्या उत्तरार्धात दुपारी हेन्ड्रिक्सन नावाची मेफ्लाय, म्हणजे ट्राउटच्या खाण्यातला एक पंखवाला किडा, पाण्यातून वर येते, मेमध्ये संध्याकाळी पिवळसर सल्फर. पहिला दिवस क्लबच्या जाणकाराबरोबरच घालवा. रबरी विजारीवरचा कमरपट्टा घट्ट आवळा, कारण पडलात तर विजारीत पाणी भरू नये. गुडघ्याच्या वर पाणी जाईल अशा जागी नवख्याने उतरू नये. मासा लागला की फार खेळवू नका, जाळीत घ्या. जाळी रबरी हवी, सुती जाळीने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. हात ओले करूनच स्पर्श करा. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. गळ पाण्याखालीच सोडवा. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा आणि मासा दोन-तीन सेकंदच पाण्याबाहेर काढा. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली हलका आधार द्या. तो स्वतः शेपटी मारून निघाला की झालं, ढकलायचा नाही.

शाळेतली ट्राउटची टाकी

हे काम मला सगळ्यांत आवडतं. ‘ट्राउट इन द क्लासरूम’ या उपक्रमात शरद ऋतूत वर्गात हॅचरीतली अंडी येतात, मुलं हिवाळाभर पिल्लं वाढवतात आणि वसंतात परवानगी असलेल्या ओढ्यात सोडतात. तुमच्या मुलांच्या शाळेत हे नसेल तर विज्ञानाच्या शिक्षिकेला भेटा आणि क्लबशी गाठ घालून द्या. टाकीला चिलर लागतो, पाणी पन्नास-पंचावन्न फॅरनहाइटच्या आसपास ठेवावं लागतं. खर्चिक भाग तोच, आणि क्लब त्याला बऱ्याचदा हातभार लावतात.

पालकाचं काम छोटं पण नेमाचं. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढायची, नाहीतर बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. पिल्लं पोटाला चिकटलेली पिवळी पिशवी संपवून वर पोहायला लागली की खाणं सुरू करायचं, तेही चिमटीहून कमी. उरलेल्या खाण्याने अमोनिया वाढतो. सुट्टीत टाकी बघायला कोणी नसतं, तेव्हा दोन मराठी घरांनी वाटून घ्यायला हे काम उत्तम.

जून: दगडाखालचे किडे

नदीची तब्येत कळायला तिथले किडे मोजतात, आणि याचं प्रशिक्षण पाणलोट संस्था व क्लब देतात. खळाळत्या उथळ पाण्यात जाळी आडवी धरा, तिच्या वरच्या अंगाला उभे राहून मिनिटभर पायाने आणि हाताने दगड घासा. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करा आणि पाणी निवळू द्या. सुरुवातीला नुसता पालापाचोळा दिसतो. मग काडी चालायला लागते.

शेपटीला दोन धागे आणि प्रत्येक पायाला दोन नख्या, तो स्टोनफ्लाय. बहुधा तीन धागे, पोटाच्या कडेला पिसांसारखे हलणारे कल्ले आणि पायाला एकच नखी, ती मेफ्लाय. वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधून त्यात राहते ती कॅडिस. घर भिंगाखाली बघा, एकेक कण गवंड्याने लावल्यासारखा बसलेला असतो. हे तीन गट भरपूर असतील तर पाणी स्वच्छ. स्टोनफ्लाय सर्वांत नाजूक, प्रदूषण वाढलं की आधी तेच जातात. नुसत्या जळवा आणि लाल अळ्या निघाल्या, तर वर काहीतरी बिघडलेलं आहे. मोजून झालं की सगळे परत त्याच जागी सोडा.

जुलै-ऑगस्ट: थर्मामीटर खिशात, काठी घरात

पाणी अडुसष्ट फॅरनहाइट, म्हणजे वीस सेल्सिअस झालं की ट्राउटची मासेमारी थांबवायची. त्याच्या वर मासा पकडून सोडला तरी नंतर मरू शकतो. ब्रुक ट्राउटच्या ओढ्यात मी पासष्टलाच थांबा म्हणेन. थर्मामीटर सावलीतल्या वाहत्या पाण्यात मिनिटभर धरा, सकाळी आणि दुपारी अशा दोन नोंदी घ्या. ज्या जागी पाणी एकदम तीन-चार अंशांनी गार लागतं, तिथे झरा मिळतो. उन्हाळ्यात मासे तिथे गोळा होतात. ती जागा नकाशावर टिपून क्लबला द्या, आणि तिथे गरी मुळीच टाकू नका.

महाडजवळ काळ नदीवरची वाळणकोंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही. वरदायिनी देवीच्या त्या डोहातल्या महसीर माशांना गावकरी हात लावत नाहीत, वाडा तालुक्यात तिळसेश्वराच्या डोहातही तेच. उन्हाळ्यात नदी आटली की मासे डोहात येतात आणि डोह राखला की पावसाळ्यात सगळी नदी भरते. लोणावळ्याला वळवण इथे टाटा पॉवर कंपनी अनेक दशकं महसीरची पिल्लं वाढवते आहे, पण देवाचे डोह त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम करत आले आहेत.

गावाच्या सभेत

हे काम कोणाला आवडत नाही, आणि नदीचं सर्वांत जास्त भलं इथेच होतं. ज्या ओढ्यात ट्राउट स्वतः पैदास करतो त्याला न्यू जर्सीत ‘कॅटेगरी वन’ दर्जा मिळतो आणि काठाने ३०० फुटांचा पट्टा राखण्याचे नियम लागू होतात. गोदाम, वसाहत, पार्किंग यांचे प्रस्ताव नगर नियोजन मंडळासमोर येतात तेव्हा हा दर्जा माहीत असलेला एक माणूस सभेत बसलेला हवा. बोलायची भीती वाटत असेल तर आपली तपमानाची आणि किड्यांची नोंद लेखी द्या, ती कागदोपत्री लागते.

मस्कोनेटकाँग नदी बघा. तिच्यावरच्या जुन्या गिरण्यांच्या धरणांमागे पाणी साचून तापायचं, गाळ बसायचा. नदीकाठच्या संस्था, सरकारी खाती आणि मासेमार यांनी मिळून चिकाटीने त्यांतली काही काढवली: फाइन्सव्हिलचं २०११ मध्ये, ह्यूजव्हिलचं २०१६ मध्ये. पुढच्याच वर्षी समुद्रातून डेलावेअर नदीमार्गे येणारा शॅड मासा ह्यूजव्हिलच्या वर दिसला.

कधी पाण्यावर तेल, फेस किंवा मेलेले मासे दिसले तर थांबू नका. राज्याच्या पर्यावरण खात्याची १-८७७-९२७-६३३७ ही हॉटलाइन दिवसरात्र चालू असते. जागा, वेळ, रंग, वास सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: घरट्यांवर पाय नको

शरद ऋतूत ब्रुक आणि ब्राउन ट्राउटची मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. आजूबाजूची खडी शेवाळलेली, मधेच ताटाएवढा किंवा त्याहून मोठा उजळ, धुतल्यासारखा गोल दिसतो, ते घरटं. क्लब काठावरून ही घरटी मोजतात. डोळ्यांना पोलराइज्ड गॉगल हवा, नाहीतर पाण्याच्या चकाकीत काही दिसत नाही. पिल्लं वसंतात खडीतून बाहेर येतात, म्हणून ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत उथळ खडीच्या पट्ट्यातून चालत जाऊ नका. पलीकडे जायचंच असेल तर मोठ्या धोंड्यांवरून जा.

एका ओढ्याचं पाणी दुसऱ्याला नको

२०१८ मध्ये मस्कोनेटकाँगमध्ये न्यूझीलंड मड स्नेल ही बारीक गोगलगाय सापडली. तांदळाच्या दाण्याहून लहान असते, बुटाच्या शिवणीत बसते, आणि इथल्या वाणाची मादी एकटीच प्रजा वाढवू शकते. प्रत्येक खेपेनंतर बूट, विजार, जाळी ब्रशने घासा, चिखल तिथेच काठावर झाडून टाका, मग घरी आणून पूर्ण वाळवा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या ओढ्यावर जायचं असेल तर बूट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

बरेच जण सुट्टीत भारतात जातात आणि हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात ब्रिटिशांच्या काळात आणलेला ब्राउन ट्राउट पकडायचा बेत आखतात. तिथेही मत्स्य खात्याचा परवाना लागतो, तो आधी काढा. इथले पाण्यात उतरायचे बूट तिथे नेऊ नका. नवे किंवा तिथले भाड्याने घ्या, आणि परतताना तेही धुऊन, वाळवूनच बॅगेत भरा.